मासे ओळखणारे डॉक्टर : मार्कुस एलिएझर ब्लॉख

आपल्या बेने इस्राएल समाजाचे आणि माशांचे नाते फार जुने आहे. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या कथेच्या पुढचा भाग वडीलधारी मंडळी आवडीने सांगत. दाविद रहाबी कोकणात आले आणि हे लोक खरेच यहुदी आहेत का, हे त्यांना पाहायचे होते. म्हणून त्यांनी घरातल्या बायकांपुढे निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. पुस्तके गेली होती, हिब्रू भाषा गेली होती, पण कोणता मासा घरात आणायचा हे स्वयंपाकघर विसरले नव्हते.

बाजूला सारलेल्या त्या माशांत काय काय असेल? कोकणातल्या बाजाराच्या पाटीत पाहा. मुशी असेल, तिची पिल्ले म्हणजे मोरी असेल, चपटे पाखट असेल. हे मासे आपल्या ताटात आले नाहीत, पुढेही येणार नाहीत. म्हणून त्यांची ओळख करून घेऊ नये असे मात्र कोठे सांगितलेले नाही. या माशांचा, आणि जगातल्या शेकडो इतर माशांचा, अभ्यास करून त्यांची सुंदर चित्रे जगापुढे ठेवणारे एक डॉक्टर अठराव्या शतकात बर्लिन शहरात होऊन गेले. ते आपल्याच धर्माचे होते. त्यांचे नाव डॉ. मार्कुस एलिएझर ब्लॉख.

गरिबीतले बालपण

ब्लॉख यांचा जन्म १७२३ साली जर्मनीतल्या आन्सबाख या गावी झाला. घरची गरिबी होती. त्या काळी जर्मनीत ज्यू मुलगा शिकायचा तो हिब्रू आणि तोरा, मिश्ना, तालमूद. मार्कुसही तेच शिकले आणि चांगले शिकले. पण घराबाहेरच्या जगाची भाषा वेगळी होती. दुकानाच्या पाटीवर, सरकारी कागदावर, वैद्यकाच्या पुस्तकात जी जर्मन आणि लॅटिन भाषा होती ती त्यांना वाचता येत नव्हती. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत ज्या देशात जन्मलो त्या देशाचेच पुस्तक उघडता येत नाही, अशी त्यांची स्थिती होती.

पुढे हॅम्बुर्ग शहरात एका ज्यू शल्यवैद्याच्या घरी त्यांना मुलांना शिकवण्याचे काम मिळाले. शिकवायला गेले आणि स्वतःच शिकू लागले. तिथे त्यांनी जर्मन भाषा शिकली, मग लॅटिन शिकली, आणि घर वैद्याचेच असल्यामुळे शरीरशास्त्राचीही थोडी ओळख झाली. ज्या वयात इतर मुले शिक्षण पुरे करून बाहेर पडतात त्या वयात या तरुणाने मुळाक्षरांपासून सुरुवात केली. आपल्या वर्गात काही मुले म्हणतात, आम्ही इथे जन्मलो, आम्हाला मराठी येत नाही, आता उशीर झाला. त्यांनी ब्लॉख यांचे हे एकोणिसावे वर्ष लक्षात ठेवावे.

हॅम्बुर्गहून ते बर्लिनला नातेवाइकांकडे आले. तिथे अभ्यास चालू ठेवला. ज्यू विद्यार्थ्याला वैद्यकाची पदवी देणारी विद्यापीठे त्या वेळी जर्मनीत थोडीच होती. ओडर नदीकाठच्या फ्रँकफुर्ट गावचे विद्यापीठ त्यांपैकी एक होते. तिथून ब्लॉख यांनी डॉक्टरची पदवी घेतली आणि बर्लिनला दवाखाना चालवू लागले.

बर्लिनचे डॉक्टर

तेव्हा प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख होता. त्याच्या राज्यात ज्यू माणसाला कोठे राहावे, कोणता धंदा करावा, मुलांपैकी किती जणांनी शहरात राहावे, या सर्वांवर बंधने होती. तरीही त्याच बर्लिनमध्ये ज्यू विचारवंतांची एक मोठी पिढी तयार होत होती. तिचे अग्रणी होते मोझेस मेंडेल्सोन. त्यांनी तोरेचे जर्मन भाषांतर केले आणि आपल्या लोकांना बाहेरच्या ज्ञानाचे दार उघडून दिले. ब्लॉख हे मेंडेल्सोन यांचे डॉक्टर होते आणि स्नेहीही होते. १७७१ साली बर्लिनच्या विज्ञान अकादमीने मेंडेल्सोन यांना सभासद करून घ्यायचे ठरवले, पण राजाने ते मंजूर केले नाही. विद्वत्तेला मान होता, पण ज्यू माणसासाठी वरची पायरी बंद होती.

ब्लॉख यांनी दुसरी वाट धरली. १७७३ साली बर्लिनमध्ये निसर्गाचा अभ्यास करणाऱ्या मित्रांचे एक मंडळ निघाले. कोणी वनस्पती गोळा करी, कोणी शंख, कोणी दगड. दर बैठकीत काही नवे दाखवायचे आणि त्यावर बोलायचे, अशी पद्धत होती. ब्लॉख या मंडळाच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी होते. तिथे जातीधर्मापेक्षा तुमच्या पेटीत काय आहे हे महत्त्वाचे होते. पोटातल्या जंतांवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला कोपनहेगनच्या शाही संस्थेचे पारितोषिक मिळाले. तो निबंध १७८२ साली छापला गेला. पण त्यांचे नाव राहिले ते माशांमुळे.

छप्पन्नाव्या वर्षी नवी सुरुवात

माशांवरचे त्यांचे लेखन सुरू झाले तेव्हा त्यांचे वय छप्पन्न होते. १७७९ साली त्यांनी उत्तर जर्मनीच्या तळ्यांत मिळणाऱ्या मरेना नावाच्या खाण्याच्या माशाचे वर्णन लिहिले. त्या आधी थोड्याच वर्षांपूर्वी स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने प्राण्यांना आणि वनस्पतींना दोन शब्दांचे लॅटिन नाव देण्याची पद्धत पक्की केली होती. १७५८ सालच्या त्याच्या पुस्तकापासून प्राण्यांची शास्त्रीय नावे मोजली जातात. पण लिनियसच्या यादीत सगळे मासे कुठे होते? समुद्र अफाट आणि यादी लहान. जर्मनीच्या बाजारात रोज विकले जाणारे मासेसुद्धा त्यात पुरते नव्हते. आपल्या भोवतालचे मासे एकेक करून नीट लिहून काढायचे, असे ब्लॉख यांनी ठरवले.

त्यांनी राजाला अर्ज केला. निरनिराळ्या प्रांतांतल्या अधिकाऱ्यांना सांगून तिथले मासे पाठवायची व्यवस्था करावी, अशी विनंती होती. राजाचे उत्तर निराश करणारे आले. आपल्या राज्यात कोणते मासे आहेत ते सर्वांना माहीतच आहे, त्याची यादी करण्यात काही अर्थ नाही, असा त्याचा सूर होता. सरकारकडून मदत मिळाली नाही तरी ब्लॉख थांबले नाहीत. दवाखान्यातून मिळालेला पैसा ते माशांवर घालू लागले. नमुने विकत घ्यायचे, चित्रकाराला बसवून चित्र काढून घ्यायचे, तांब्याच्या पत्र्यावर ते कोरून घ्यायचे, छापायचे आणि मग प्रत्येक प्रत हाताने रंगवायची. माशाच्या खवल्यांची चकाकी दाखवण्यासाठी सोनेरी आणि चंदेरी रंगही वापरले जात.

जर्मनीच्या माशांवरचे तीन खंड १७८२ ते १७८४ या काळात निघाले. मग त्यांनी परदेशी माशांकडे मोर्चा वळवला. १७८५ ते १७९५ या दहा वर्षांत त्याचे नऊ खंड झाले. सगळे मिळून बारा खंड आणि ४३२ रंगीत चित्रे. खर्च एकट्याच्या आवाक्याबाहेर गेला तेव्हा आश्रयदाते पुढे आले. एकेका चित्राचा खर्च एकेकाने उचलला आणि त्या चित्राखाली त्याचे नाव छापले गेले. आपल्याकडे सिनेगॉगमध्ये बाकावर किंवा दिव्यावर देणगीदाराचे नाव असते, तसाच हा प्रकार. ग्रंथ पुरा झाला तेव्हा ब्लॉख सत्तरी ओलांडून गेले होते.

मुशी आणि पाखट मासे की नाहीत?

या ग्रंथात ब्लॉख यांनी मुशी आणि पाखटांना भरपूर जागा दिली. उत्तर समुद्रातली काटेरी मुशी, निळी मुशी आणि पाखटे त्यांच्या जर्मन भागात आहेत. पुढच्या भागात हातोड्यासारख्या डोक्याची मुशी आहे, करवतीसारखे लांब तोंड असलेला करवत मासा आहे, आणि अंगातून विजेचा झटका देणारे पाखटही आहे.

मुलांनो, हे प्राणी इतर माशांपेक्षा बरेच वेगळे असतात. बांगड्याचा किंवा सुरमईचा काटा हाडाचा असतो. मुशीच्या आणि पाखटाच्या अंगात हाड नसते, सारा सांगाडा कूर्चेचा असतो. आपल्या कानाचा वरचा भाग आणि नाकाचे टोक दाबून पाहा, ती कूर्चा. बांगड्याच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूला कल्ल्यावर एक झाकण असते. मुशीला झाकण नसते, बाजूला पाच चिरा सरळ दिसतात. पाखटाच्या त्या चिरा पोटाच्या बाजूला असतात. म्हणून वाळूवर बसलेले पाखट डोळ्यामागच्या भोकातून पाणी आत घेते.

आणि खवले? इथे आपल्या धर्माचा प्रश्न येतो. मुशीच्या अंगावर शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखे वाटते. सुतार लोक पूर्वी ही कातडी लाकूड घासायला वापरीतसुद्धा. ते बारीक बारीक काटे म्हणजे एक प्रकारचे खवलेच, पण त्यांची घडण दातासारखी असते आणि ते कातडीत रुतलेले असतात. आपल्या शास्त्राप्रमाणे खवला तोच, जो कातडी न फाटता सोलून निघतो. मुशीचा काटा तसा निघत नाही. म्हणून मुशी आणि पाखट कोशेर नाहीत. कोकणातल्या आपल्या आज्यांनी हे कोणत्याही दुर्बिणीशिवाय हाताने ओळखले होते.

लिनियसने तर मुशी आणि पाखट यांना माशांत धरलेच नव्हते. त्याने त्यांना बेडूक, साप यांच्या वर्गात घातले होते, कारण त्यांना फुप्फुसे असतात अशी त्याची समजूत होती. ब्लॉख यांनी त्यांना माशांच्या ग्रंथात माशांबरोबरच बसवले, आणि आज सर्व शास्त्रज्ञ त्यांना तिथेच बसवतात.

ब्लॉख यांचे सगळेच बरोबर होते असे मात्र नाही. नर मुशी आणि नर पाखट यांच्या पोटाकडच्या परांना मागे दोन लांब दांडकी असतात. मादीला ती नसतात. त्यावरून नर कोणता हे कोणीही सांगू शकतो. ही दांडकी नराची जननेंद्रिये आहेत असे जुने लोक म्हणत. ब्लॉख यांनी मासे चिरून पाहिले आणि १७८५ च्या सुमारास लिहिले की हे खरे नाही, नर यांनी मादीला फक्त धरून ठेवतो. पुढच्या अभ्यासाने ठरले की जुने लोकच बरोबर होते. तरी इंग्रजीत या अवयवांना आजही जो शब्द आहे त्याचा अर्थ धरून ठेवणारे असाच होतो. स्वतः चिरून पाहणारा माणूससुद्धा चुकू शकतो, आणि पुढच्याने पुन्हा पाहिले की चूक दुरुस्त होते. विद्या अशीच पुढे जाते.

हिंदुस्थानातून आलेली पिंपे

आता या गोष्टीत आपला देश येतो. मद्रासच्या दक्षिणेला समुद्रकाठी तरंगंबाडी नावाचे गाव आहे. युरोपियन लोक त्याला ट्रांकेबार म्हणत. १६२० पासून ते डेन्मार्कच्या ताब्यात होते. तिथे जर्मन ख्रिस्ती मिशनऱ्यांचे ठाणे होते. त्यांपैकी ख्रिस्टोफ सॅम्युअल जॉन यांना निसर्गाचा नाद होता. कोळ्यांनी आणलेले मासे ते निवडून घेत आणि जहाजाने ब्लॉख यांच्याकडे बर्लिनला पाठवत. एका टोकाला ख्रिस्ती धर्मोपदेशक, दुसऱ्या टोकाला ज्यू डॉक्टर, आणि मध्ये तमिळ कोळ्याच्या जाळ्यातला मासा. धर्माच्या बाबतीत त्या दोघांचे कधी जमले नसते, पण माशांच्या बाबतीत उत्तम जमले.

समुद्रातला ताजा मासा बर्लिनला पोचायला कित्येक महिने लागत. म्हणून काही मासे दारूच्या अर्कात बुडवून येत. काहींची अर्ध्या अंगाची कातडी सोलून, वाळवून ठेवलेली असे. ब्लॉख यांच्या घरी अशा नमुन्यांची दालने भरली. त्यांच्या संग्रहात सुमारे १५०० मासे जमले होते. अनेक नमुने त्यांनी हॉलंडच्या लिलावांतून आणि व्यापाऱ्यांकडून घेतले होते. हातोहाती फिरत आलेल्या अशा नमुन्यांचे मूळ गाव कधी कधी चुकीचे सांगितले जाई, आणि तीच चूक ग्रंथात उतरली. पण जॉन यांच्याकडून आलेल्या माशांचा पत्ता पक्का होता.

जॉन यांचे उपकार ब्लॉख विसरले नाहीत. १७९३ साली त्यांनी माशांच्या एका कुळाला जॉनियस हे नाव दिले. आपल्या वडीलधाऱ्यांना हे मासे चांगले माहीत आहेत. मुंबईच्या बाजारात ज्यांना आपण ढोमा म्हणतो ते याच कुळातले. रायगडातल्या मंडळींसाठी आणखी एक आनंदाची गोष्ट आहे. अलिबागकडच्या खाड्यांतला आणि तळ्यांतला जिताडा, ज्याच्यासाठी जावयाला मुद्दाम बोलावणे जाते, त्याला शास्त्रीय नाव ब्लॉख यांनीच १७९० साली दिले. लॅटेस कॅल्कॅरिफर हे त्याचे आजचे नाव. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ टाचेसारखा काटा वागवणारा असा आहे. जिताडा साफ करताना कल्ल्याजवळ जो काटा हाताला लागतो, तोच ब्लॉख यांनी नावात घातला. जिताड्याला पर आहेत, मोठे खवले आहेत, तो पूर्ण कोशेर आहे. आपल्या पूर्वजांचे गाव आणि बर्लिनचा तो डॉक्टर एकाच माशाच्या काट्यावर भेटतात, ही गंमत नव्हे तर काय?

वाकड्या तोंडाचा मासा

ब्लॉख यांना आणखी मोठे काम करायचे होते. जगात माहीत असलेल्या सर्व माशांची एकच व्यवस्थित मांडणी. ते काम चालू असतानाच प्रकृती ढासळली. उपचारासाठी ते बोहेमियातल्या कार्ल्सबाड या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी गेले. तिथेच ६ ऑगस्ट १७९९ रोजी त्यांचे निधन झाले.

अपुरे हस्तलिखित योहान गॉटलोब श्नायडर या विद्वानाने हाती घेतले. श्नायडर हे मुळात ग्रीक भाषेचे पंडित होते, पण त्यांना प्राण्यांचीही आवड होती. त्यांनी ते पुरे केले आणि १८०१ साली छापले. त्यात १५१९ जातींचे मासे आहेत. माशांची वर्गवारी परांच्या संख्येवरून केलेली होती. ती पद्धत टिकली नाही. फ्रान्सच्या क्युव्हिए यांनी तिच्यावर टीका केली. पण आतली वर्णने टिकली. म्हणून आजही अनेक माशांच्या नावापुढे ब्लॉख आणि श्नायडर ही दोन नावे जोडीने लिहिली जातात.

त्यात एक विलक्षण प्राणी आहे. ऱ्हायना अँकिलोस्टोमा. ग्रीक भाषेत याचा अर्थ वाकड्या तोंडाचा. हा कोरोमंडल किनाऱ्याचा मासा. डोके पाखटासारखे रुंद आणि गोल, मागचे अंग मुशीसारखे, डोळ्यांवर आणि पाठीवर जाड काट्यांच्या रांगा, आणि तोंड धनुष्यासारखे नागमोडी. पाहणाऱ्याला वाटावे की अर्धी मुशी आणि अर्धे पाखट जोडले आहे. शास्त्राच्या दृष्टीने तो पाखटांच्या बाजूचा, कारण त्याच्या कल्ल्यांच्या चिरा पोटाखाली असतात. तो पावणेतीन मीटरपर्यंत वाढतो. तळाशी राहतो आणि त्या वाकड्या जबड्यात खेकडे, कोळंबी, शिंपले चिरडून खातो. तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो.

ब्लॉख यांनी मुशी आणि पाखटे पाहिली ती मेलेली, अर्कातली किंवा वाळलेली. हिंदुस्थानच्या समुद्रातला मासा पोहताना त्यांनी कधी पाहिला नाही. सार्वजनिक मत्स्यालय ही गोष्टच तेव्हा नव्हती. लंडनच्या प्राणिबागेत पहिले मत्स्यालय १८५३ साली उघडले. ब्लॉख यांच्या बर्लिनमध्ये ते १८६९ साली आले, त्यांच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी. मुंबईकरांना मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय आठवत असेल, ते १९५१ चे. इस्राएलात आयलतला पाण्याखालचे निरीक्षणगृह आहे आणि २०१७ पासून जेरुसलेमलाही मत्स्यालय आहे. तिथे काचेपलीकडे मुशी फिरताना आपली नातवंडे पाहतात.

मुशी टाकीत ठेवणे सोपे नाही. काही जाती तळाशी पडून श्वास घेऊ शकतात. काहींना मात्र कल्ल्यांतून पाणी वाहते ठेवण्यासाठी सतत पोहावे लागते. त्यांना कोपरे नसलेली मोठी टाकी लागते. मोठी पांढरी मुशी तर टाकीत टिकतच नाही. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे बे मत्स्यालयाने २००४ मध्ये एक लहान पांढरी मुशी आणली. ती १९८ दिवस राहिली, मग तिला समुद्रात सोडून द्यावे लागले. वाकड्या तोंडाचा मासा त्या मानाने टाकीत चांगला राहतो. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात न्यूपोर्ट येथे एक मत्स्यालय आहे. तिथे २००७ पासून त्याची पैदास करण्याचा प्रयत्न सुरू झाला आणि २०१४ साली एका मादीने सात पिल्ले दिली.

ही पैदास करावी का लागते, ते आता नीट ऐका. जिताडा एका वेळी लाखो अंडी घालतो. त्यातली थोडी जगली तरी पुरे. वाकड्या तोंडाची मादी एका वेळी दोन ते अकरा पिल्ले देते. मोठे व्हायला तिला वर्षे लागतात. तिच्या परांना परदेशी बाजारात सूप करण्यासाठी मोठी किंमत येते, आणि कोळंबीसाठी तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यातही ती सापडते. जन्म थोडे आणि मरण फार, अशी गोष्ट किती दिवस चालणार? जागतिक निसर्ग संवर्धन संघाने हा मासा आता अतिसंकटग्रस्त ठरवला आहे. रानटी अवस्थेतून नाहीसा होण्याच्या आधीची ही शेवटची पायरी. २०१९ साली या कुळाचा परदेशी व्यापार आंतरराष्ट्रीय करारानुसार बंधनाखाली आणला गेला. ब्लॉख यांच्या ग्रंथातला करवत मासाही अशाच संकटात आहे.

इस्राएलात मुशी आणि पाखटांना कायद्याचे संरक्षण आहे. हदेरा येथे वीजकेंद्रातून गरम पाणी समुद्रात येते. हिवाळ्यात तिथे मोठ्या मुशी जमतात, आणि हैफा विद्यापीठाचे संशोधक त्यांच्यावर लक्ष ठेवतात. तिथे लोक त्यांच्या फार जवळ जाऊ लागले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पोहणाऱ्या एका माणसाचा जीव गेला. मुशी माणसाची शिकार करायला किनाऱ्यावर येत नाही, पण ती पाळीव प्राणीही नाही. समुद्र तिचे घर आहे. तिथे पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे.

काय राहिले

ब्लॉख यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात गेला. दुसऱ्या महायुद्धात फेब्रुवारी १९४५ मध्ये त्या इमारतीवर बॉम्ब पडले आणि एक भाग कोसळला. ज्या शहराच्या विद्येला ज्यू डॉक्टरांनी एवढे दिले, त्याच शहरातून हिटलरच्या राजवटीने ज्यूंना उखडून मृत्यूकडे पाठवले होते. तरी ब्लॉख यांच्या हातचे शेकडो मासे त्या सगळ्यातून वाचले. दोनशे वर्षांहून जुन्या बाटल्यांत ते अजून आहेत. एखाद्या माशाच्या जातीबद्दल वाद पडला की जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्या बाटल्यांपाशी जातात.

त्यांच्या शेवटच्या वर्षांत, १७९६ साली, मुंबईत मांडवीला सामाजी हसाजी दिवेकर यांनी आपल्या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. शाआर हरहामीम, आपण जिला जुनी मशीद म्हणत आलो. बर्लिनचे ज्यू आणि कोकणचे बेने इस्राएल यांना एकमेकांची काहीच खबर नव्हती. तरीही एकीकडे एका डॉक्टरने आपल्या समुद्रातल्या माशांना नावे दिली, आणि दुसरीकडे आपल्या लोकांनी त्याच माशांतून पर आणि खवले पाहून आपली ओळख जपली. दोन्ही कामांना एकच गुण लागतो. मासा हातात घेऊन तो नीट पाहणे.

एकोणिसाव्या वर्षी मुळाक्षरे, छप्पन्नाव्या वर्षी पहिला मासा, सत्तरीनंतर बारावा खंड. तरुणांना आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना, दोघांनाही या आयुष्यातून घेण्यासारखे आहे.

घरी करा

१. आजी-आजोबांना विचारा : कोकणात किंवा मुंबईत त्यांच्या घरी कोणकोणते मासे येत? प्रत्येकाचे मराठी नाव वहीत लिहा. घरी न येणाऱ्या माशांचीही यादी करा.

२. बांगडा, ढोमा आणि जिताडा यांचे चित्र काढून पर आणि खवले दाखवा. शेजारी मुशीचे चित्र काढा आणि तीन फरक मराठीत लिहा.

३. मत्स्यालयात गेलात तर पाखटाच्या पोटाकडे पाहा. तोंड आणि कल्ल्यांच्या चिरा कोठे आहेत? ती काचेला चिकटली की सहज दिसतात.

४. वर्गात बोला : जो मासा आपण खात नाही, तो वाचवण्याची जबाबदारी आपली आहे का?